एका स्वल्पविरामाने गिळलेले अठराशे आठ हेक्टर

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. ऑगस्ट २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाचा जंगलावरील सामूहिक हक्क मान्य झाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी हे एक. मान्य झालेले क्षेत्र १,८०९.६१ हेक्टर.

आता हीच माहिती संगणकाला वाचता यावी म्हणून एका साध्या मजकूर-फायलीत दोन ओळींत लिहून पाहू.

गाव,तालुका,जिल्हा,क्षेत्र
मेंढा (लेखा),धानोरा,गडचिरोली,१,८०९.६१

पहिली ओळ रकान्यांच्या मथळ्यांची, दुसरी नोंदीची. पायथॉन भाषेच्या सीएसव्ही लायब्ररीतील ‘डिक्टरीडर’ला ही फाइल दिली, की तो एकेका मूल्याची सांगड एकेका मथळ्याशी घालतो. गाव बरोबर येते, तालुका आणि जिल्हाही बरोबर येतात. क्षेत्राच्या रकान्यात मात्र येतो ‘१’. उरलेले ‘८०९.६१’ कोणत्याच मथळ्याखाली बसत नाही. ते ‘नन’ नावाच्या, म्हणजे ज्याला नावच नाही अशा, कप्प्यात गुपचूप ठेवले जाते. त्रुटीचा संदेश येत नाही, इशाराही नाही. एका गावाचे अठराशे नऊ हेक्टर जंगल एक हेक्टर होऊन पुढच्या तक्त्यात चालू लागते.

यंत्राने यात काहीही चूक केलेली नाही. जे लिहिले होते तेच त्याने वाचले. आजचा धागा या वाचण्याच्या इतिहासाविषयी आहे. सलग मजकुरातून रकाने वेगळे कसे काढायचे, ते पुन्हा कसे लिहायचे, आणि अंदाज बांधण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, हे प्रश्न संगणकापेक्षा बरेच जुने आहेत. चांद्याच्या जंगलात तर त्यांना जमिनीचे मोल आहे.

संगणकशास्त्रात ज्याला ‘पार्सिंग’ म्हणतात, त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: पदच्छेद. संधीने एकमेकांत मिसळलेली पदे सुटी करणे. मोडी लिपी वाचणारा कारकून हेच करीत असे. मोडीत आधी आडवी रेघ आखून घेत आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जात. शब्द तोडण्याची रीत नव्हती, विरामचिन्हे तर नव्हतीच. कुठे गावाचे नाव संपले आणि कुठे रकमेला सुरुवात झाली, हे वाचणाऱ्याला विषयाच्या ओळखीवरून कळे. विभाजक चिन्ह कागदावर नव्हते, ते कारकुनाच्या डोक्यात होते. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. ज्या स्वल्पविरामावर आज जगभरचे तक्ते उभे आहेत, तो आपल्या भाषेत असा अलीकडचा पाहुणा आहे.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. १८६९ मध्ये मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल निघाला. जमाबंदी म्हणजे अखेर रकानेच: गाव, मालगुजार, लागवडीचे क्षेत्र, आकारणी. पण या प्रदेशातले सगळेच जीवन रकान्यात मावणारे नव्हते. जंगलातून जळण कोणी आणायचे, गुरे कुठे चारायची, तलावातली मासळी कोणाची, वाट कुठून जाते, या गोष्टींना आकडा नसतो. त्यासाठी मध्य प्रांताच्या दप्तरात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा कागद असे. त्यात गावच्या रूढी सरळ वाक्यांत नोंदवल्या जात.

मालगुजारी आणि जमीनदारी ३१ मार्च १९५१ पासून संपली. अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्यांतील जंगल सरकारकडे गेले. मग गावकऱ्यांच्या निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजेपुरते लाकूड, जळण, चारा, माती, दगड घेण्याच्या वहिवाटीचे काय? त्यासाठी ‘निस्तार पत्रक’ आले. विदर्भ पुढे मुंबई राज्यात आणि नंतर महाराष्ट्रात आला, तरी हे दोन्ही कागद टिकले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये कलम १६१ निस्तार पत्रकाचे आहे आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जचे. या तरतुदी विदर्भापुरत्या आहेत. त्यामुळे पुण्या-साताऱ्याकडच्या पुष्कळ वाचकांनी ही नावे कधी ऐकलीही नसतील.

सातबारा आणि निस्तार पत्रक शेजारी ठेवून पाहा. सातबारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड आहे. त्यातले रकाने ठरलेले, मथळे छापील. निस्तार पत्रक मात्र अटी-शर्तींचे वाक्यरूप लेखन आहे. म्हणूनच जमीन-नोंदी संगणकावर न्यायच्या ठरल्या, तेव्हा सातबारा आधी गेला. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता वर्धा, चंद्रपूरचा शेजारी. ज्याला आधीच रकाने होते ते यंत्रात सहज उतरले. जे वाक्यात होते ते कागदावरच राहिले. हा कोणाचा कट नव्हता. यंत्राच्या सोयीचाच तो परिणाम होता, पण परिणाम मात्र खरा होता.

आता थोडे यंत्राच्या बाजूने. स्वल्पविरामाने मूल्ये वेगळी करण्याची पद्धत वैयक्तिक संगणकांहून जुनी आहे. आयबीएमच्या फोर्ट्रान कंपायलरमध्ये १९७२ मध्येच अशा यादीवजा मजकुराचे वाचन होत असे. गंमत अशी, की पद्धत सर्वत्र पसरली तरी तिचा लेखी नियम कोणीच केला नव्हता. प्रत्येक प्रणाली आपापल्या रीतीने लिही. कोणी स्वल्पविराम वापरी, कोणी अर्धविराम, कोणी टॅब. मूल्याच्या आतच स्वल्पविराम आला तर काही प्रणाली ते मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवत. आणि आतच अवतरणचिन्ह आले तर? काही ते दोनदा लिहीत, काही त्याच्या आधी तिरकी रेघ देत. यांवर एक सर्वसाधारण टिपण, आरएफसी ४१८०, याकोव्ह शाफ्रानोविच यांनी लिहिले ते ऑक्टोबर २००५ मध्ये. तेही बंधनकारक मानक नव्हे, केवळ माहितीसाठी.

पायथॉनच्या मंडळींनी त्याच्या दोन वर्षे आधीच हा गुंता हातात घेतला होता. जानेवारी २००३ मधील ‘पेप ३०५’ या प्रस्तावावर केव्हिन आल्टिस, डेव्ह कोल, अँड्र्यू मॅकनमारा, स्किप मॉन्टॅनारो आणि क्लिफ वेल्स यांची नावे आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये पायथॉन २.३ बरोबर सीएसव्ही लायब्ररी सर्वांच्या हाती आली. लिहिण्याच्या या निरनिराळ्या रीतींना तिने जे नाव दिले ते मला विशेष आवडते: ‘डायलेक्ट’, म्हणजे बोली. कोणती बोली शुद्ध, हा वाद तिने घातला नाही. फाइल कोणत्या बोलीत आहे ते तुम्ही सांगा, मी तिच्या नियमांनी वाचीन, एवढीच तिची भूमिका. झाडीबोली, माडिया, गोंडी आणि तेलुगू जिथे एकाच बाजारात ऐकू येतात, त्या मुलखातल्या वाचकाला ही भूमिका वेगळी समजावून सांगायला नको.

न सांगितल्यास ती एक्सेलची बोली गृहीत धरते. त्या बोलीत आपल्या पहिल्या उदाहरणाचा उपाय सोपा आहे: ‘१,८०९.६१’ हे मूल्य दुहेरी अवतरणात ठेवायचे. मात्र त्या अवतरणाच्या आधी, स्वल्पविरामानंतर, आपण मराठीत सवयीने सोडतो तशी एक मोकळी जागा सुटली, तर ही बोली ते अवतरण उघडणारे चिन्ह मानत नाही. मूल्य पुन्हा दुभंगते. मोकळी जागा ओलांडायला तिला स्पष्ट सांगावे लागते. हाताने फाइल लिहिण्यापेक्षा लायब्ररीच्या ‘रायटर’कडून लिहून घ्यावी, याचे कारण हेच. कुठल्या मूल्याला अवतरण लागते आणि कुठल्याला नाही, हे तो स्वतः पाहतो आणि विसरत नाही.

पण या लायब्ररीचा सर्वांत मोठा गुण माझ्या मते वेगळाच आहे. ती अंदाज बांधत नाही. वेगळे सांगितल्याखेरीज प्रत्येक मूल्य ती मजकूर म्हणूनच परत देते. आकडा दिसला म्हणून त्याचा आकडा करीत नाही, तारखेसारखे दिसले म्हणून तारीख करीत नाही.

याचे मोल कळायला जमिनीच्या नोंदीच हाताशी घ्याव्यात. एखाद्या गटाच्या पोटहिश्श्याचा क्रमांक इंग्रजी अंकांत ७/१२ असा लिहून तो तक्त्याच्या प्रणालीत उघडला, तर तिला ती तारीख वाटते. खुद्द सातबाऱ्याचे नाव जिथे डिसेंबर किंवा जुलै महिन्यात जाऊन बसते, तिथे इतर नोंदींचे काय! क्षेत्र १.२०.०० असे लिहिलेले असते: एक हेक्टर, वीस आर, शून्य चौरस मीटर. दोन टिंबे असलेली ही संख्या कुठल्याच गणिताच्या नियमात बसत नाही, ती तीन मूल्यांची एकत्र बांधलेली मोळी आहे. २००१ च्या जनगणनेत नंदुरबारचा जिल्हा-संकेतांक ०१ होता, गडचिरोलीचा १२ आणि चंद्रपूरचा १३. ०१ ला संख्या मानले की पुढचे शून्य गळते, आणि तो संकेतांक दुसऱ्या तक्त्यातील ०१ शी जुळेनासा होतो.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या संशोधन-निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत जनुकांची नावे तारखा किंवा संख्या होऊन बसल्याचे आढळले. २०२० मध्ये शेवटी जनुकांचीच नावे बदलण्यात आली. माणसांनी प्रणालीपुढे हात टेकले. जनुकाला नाव बदलल्याचे दुःख नसते, गट क्रमांकाचे तसे नाही.

लायब्ररीच्या एका उणिवेचाही इतिहास सांगायला हवा, कारण तिची झळ थेट मराठीला बसली. पायथॉन २ च्या काळात या लायब्ररीच्या अधिकृत कागदपत्रांतच लिहिलेले असे, की युनिकोड मजकूर तिला चालत नाही. आपल्याकडचे दप्तर तेव्हा आणखी एका गोंधळात होते. देवनागरीसाठी भारतीय मानक ‘इस्की’ १९९१ मध्ये निश्चित झाले आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर आहे. तरी प्रत्यक्ष कार्यालयांत वर्षानुवर्षे फॉन्टचे राज्य होते. पडद्यावर ‘गडचिरोली’ दिसे, फायलीत मात्र रोमन अक्षरांची निरर्थक माळ असे. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अख्खा जिल्हा अवाचनीय होई. अशा फायलीचा पदच्छेद कितीही अचूक केला तरी हाती पदे येत नाहीत.

डिसेंबर २००८ मधील पायथॉन ३ ने मजकूर म्हणजे युनिकोड असा निर्णय घेतला, आणि तेव्हापासून मराठी रकाने सीएसव्ही लायब्ररीत निर्धास्त राहू लागले. ‘गडचिरोली’ या शब्दात युनिकोडची आठ चिन्हे आहेत: ग, ड, च, ऱ्हस्व इकार, र, ओकार, ल, दीर्घ ईकार. ‘चंद्रपूर’मध्येही नेमकी आठच. यूटीएफ-८ मध्ये लिहिले की प्रत्येकी चोवीस बाइट. फाइल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडायची असेल, तर तिच्या सुरुवातीला एक अदृश्य खूणचिन्ह लागते, नाहीतर अक्षरांचा पुन्हा चिवडा होतो. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘यूटीएफ-८-सिग’ हे वेगळे नाव आहे.

हिंदीतून आलेल्या यादीत जिल्हा ‘गढ़चिरौली’ असा असतो. हे वेगळे शुद्धलेखन झाले. पण त्यातला नुक्ता असलेला ढ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, एका चिन्हाने किंवा ढ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला ती दोन वेगळी गावे वाटतात. तुलनेपूर्वी दोन्ही याद्या पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’ लायब्ररीतून एकाच रूपात आणाव्या लागतात.

निस्तार पत्रकाकडे परत येऊ. एका गावाला एकच क्षेत्र असते, पण हक्क अनेक: चराई, जळण, मोह, तेंदू, बांबू, मासळी. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. सपाट तक्त्यात हे कोंबायचे म्हणजे एकतर गावाचे नाव सहा ओळींत पुन्हा पुन्हा लिहायचे, नाहीतर हक्क १, हक्क २ असे रकाने वाढवत न्यायचे. नोंदीच्या पोटात नोंद ठेवण्याची सोय दिली ती जेसनने. डग्लस क्रॉकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही पद्धत वापरात आणली. ऑक्टोबर २००८ मध्ये पायथॉन २.६ बरोबर तिची लायब्ररी आली. वाक्यरूप निस्तार पत्रकाला यंत्रात जागा मिळण्याची शक्यता प्रथम इथे दिसते.

तिचेही स्वभावविशेष आहेत. काही न सांगता तिच्याकडून ‘गडचिरोली’ लिहून घेतले, तर देवनागरी टाळून ती प्रत्येक चिन्हाचा सहा अक्षरी संकेत लिहिते. आठ चिन्हांची अठ्ठेचाळीस अक्षरे होतात. माहिती शाबूत असते, पण फाइल उघडून पाहणाऱ्या गावकऱ्याला त्यात आपले गाव सापडत नाही. ‘एन्शुअर-आस्की’ हा पर्याय बंद केला की मराठी मराठीतच राहते. अंकांचेही तसेच. पायथॉन स्वतः ‘१८०९.६१’ या देवनागरी मजकुराची संख्या बिनतक्रार करतो. जेसनच्या नियमांत मात्र अवतरणाबाहेरचे देवनागरी अंक संख्या नव्हेतच, तिथे वाचन थांबते. आणि मधला स्वल्पविराम राहिला तर पायथॉनही नकार देतो. असा स्पष्ट नकार हे उपकारच समजावेत. पहिल्या उदाहरणातली मुकाट चूक त्याहून वाईट.

मुकाट चुकीचे जेसनमधले उदाहरण म्हणजे एकच मथळा दोनदा येणे. समजा एका नोंदीत ‘बांबू’ हा मथळा दोनदा आला, एकदा ‘वृक्ष’ या मूल्यासह आणि एकदा ‘गौण वनोपज’ या मूल्यासह. पायथॉनची लायब्ररी शेवटचे मूल्य ठेवते आणि आधीचे न सांगता टाकून देते.

हे उदाहरण मी कल्पनेने घेतलेले नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्रात बांबू गवतात मोडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजांत घातला, आणि गौण वनोपजावर मालकी गावाची. १९२७ च्या कायद्यातील व्याख्या २०१७ पर्यंत बदलली नाही. म्हणजे तब्बल अकरा वर्षे बांबू दोन रकान्यांत होता. कायद्याच्या पुस्तकात नंतरचे मूल्य आधीचे आपोआप पुसत नाही. तिथे माणसांना भांडावे लागते.

मेंढ्याच्या ग्रामसभेने ते भांडण केले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची आहे. २००९ मध्ये हक्काचा कागद मिळाला, तरी बांबू तोडून बाहेर विकायला वाहतूक परवाना लागे आणि तो वनखात्याच्या हाती होता. मालकीचा रकाना भरला, परवान्याचा रिकामा राहिला. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज असल्याचे स्पष्ट केले. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी हीच रीत देशभर लागू केली: गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल. त्याच सुधारणेत सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासाठी ‘नमुना ग’ हा स्वतंत्र अर्ज आला. तोवर हा दावा सामूहिक हक्कांच्या ‘नमुना ख’मध्येच बसवावा लागत होता.